आरोग्याच्या सवयी बदलण्याचे सिद्धान्त: कोणता खरा आणि कोणता कामाचा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नर्सिंगच्या अभ्यासक्रमात आरोग्यवर्तनातील बदलाचे चार-पाच सिद्धान्त एकापाठोपाठ येतात, वाचताना ते सगळे एकसारखेच वाटतात, आणि कर्नाटकातल्या निपाणी भागात तंबाखू सोडण्यावर प्रकल्प करायचा असल्यामुळे त्यांतला कोणता धरावा हे आपल्याला ठरवता येत नाही. मी चिकोडी-निपाणी पट्ट्यात आरोग्यशिक्षणाचे काम करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातलाच आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. या सिद्धान्तांत खरा कोणता आणि खोटा कोणता, हे शोधत बसू नये. सवय बदलायला निघालेला माणूस वेगवेगळ्या ठिकाणी अडतो आणि प्रत्येक सिद्धान्त त्यांतल्या एखाद-दुसऱ्या अडचणीपुरता बोलतो. म्हणून आपल्यासमोरचा माणूस नेमका कुठे अडला आहे ते आधी पाहावे आणि सिद्धान्त मागाहून निवडावा.

सगळ्यांत जुन्या प्रतिमानाचा (मॉडेलचा) जन्म कसा झाला ते पाहिले की बाकीचे समजायला सोपे जातात. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने क्षयरोगाच्या तपासणीसाठी छातीचा एक्स-रे काढणाऱ्या गाड्या लोकवस्तीत नेऊन उभ्या केल्या होत्या. तपासणी फुकट होती, गाडी दाराशी होती, तरीही लोक अपेक्षेइतके येत नव्हते. गॉडफ्री हॉकबाम, अर्विन रोझेनस्टॉक आणि त्यांचे सहकारी या कोड्याच्या मागे लागले. हॉकबाम यांनी तीन शहरांतील 1200 हून अधिक प्रौढांकडून माहिती घेतली आणि 1958 मध्ये ती प्रसिद्ध केली. आपल्यालाही क्षय होऊ शकतो आणि तो लवकर कळला तर फायदा होतो, या दोन्ही गोष्टी ज्यांना पटल्या होत्या त्यांच्यापैकी 82 टक्के लोकांनी स्वतःहून एक्स-रे काढून घेतला होता. ज्यांना दोन्हींपैकी एकही पटली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण 21 टक्के होते. यातूनच हेल्थ बिलीफ मॉडेल उभे राहिले. धोका मला आहे का, तो किती गंभीर आहे, उपायाचा फायदा काय, त्यात अडचण काय आणि मनाला टोचणी लावणारे काही घडले का, ही त्याची मूळ अंगे आहेत. 'मला हे जमेल का' हे अंग 1988 मध्ये जोडले गेले.

परीक्षेत ही अंगे पाठ करून लिहिली जातात आणि त्यातला बारकावा मात्र निसटतो. धोका आहे हे माहीत असणे वेगळे आणि तो मला आहे असे वाटणे वेगळे. निपाणीत कोणालाही विचारा, तंबाखूने कॅन्सर होतो हे तो बिनचूक सांगेल. पण त्याच दमात "आमचा आजा नव्वदीला गेला, शेवटपर्यंत कमरेची चंची सुटली न्हाई" हेही ऐकवेल. तंबाखूच्या पाकिटाचा 85 टक्के भाग इशाऱ्याच्या चित्राने व्यापलेला असावा हा नियम एप्रिल 2016 पासून लागू झाला. ते चित्र पाहणाऱ्याला धोका कळतोच, पण तो दुसऱ्या कोणाचा तरी असतो. शिवाय चुना लावून मळायची सुटी तंबाखू ज्या साध्या कागदाच्या पुडीत बांधून मिळते, तिच्यावर चित्र असण्याचा प्रश्नच येत नाही.

मग आणखी घाबरवावे का? याचे उत्तर बऱ्याच आधी मिळालेले आहे, तरी आपली आरोग्य प्रदर्शने अजून सडलेल्या जबड्यांचीच चित्रे लावतात. हॉकबाम-रोझेनस्टॉक यांच्याच गटातल्या हॉवर्ड लेव्हेंथल यांनी येल विद्यापीठात धनुर्वाताच्या लसीवर केलेला प्रयोग 1965 मध्ये प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांना अंगावर काटा आणणारी पुस्तिका दिली, काहींना सौम्य. जास्त भीती वाटलेल्यांनी लस घेण्याची इच्छा जास्त बोलून दाखवली. प्रत्यक्ष लस घेण्यात मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही. फरक पडला तो पुस्तिकेबरोबर दवाखान्याची जागा दाखवणारा नकाशा देऊन, आपल्या आठवड्याच्या वेळापत्रकात कधी जायचे ते ठरवायला सांगितले तेव्हा. असे ज्यांना सांगितले त्यांच्यापैकी सुमारे 28 टक्क्यांनी लस घेतली, नुसती पुस्तिका वाचलेल्यांपैकी सुमारे 3 टक्क्यांनी. ही मुले विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाची होती आणि दवाखाना कुठे आहे हे त्यांना आधीपासून ठाऊक होते, हे विसरू नये.

आइक एझेन यांचा नियोजित वर्तनाचा सिद्धान्त, म्हणजे थिअरी ऑफ प्लॅन्ड बिहेविअर, वर्तनाच्या आधी इरादा मानतो आणि इराद्यामागे तीन गोष्टी पाहतो: स्वतःचे मत, आपल्या माणसांची अपेक्षा आणि ते आपल्या हातात आहे असे वाटणे. मार्टिन फिशबाइन यांच्याबरोबर मांडलेल्या आधीच्या सिद्धान्तात तिसरी गोष्ट नव्हती. ती एझेन यांनी 1985 मध्ये घातली. आपल्या भागासाठी यातली दुसरी गोष्ट सर्वांत मोलाची आहे. बांधावर दोन माणसे भेटली की "पाव्हणं, काढा की तंबाखू" इथूनच बोलण्याला सुरुवात होते, आणि 'नको, सोडली' म्हणणाऱ्याने जणू ओळखच नाकारली असा समोरच्याचा चेहरा होतो. प्रश्नावलीत 'आपल्या जवळच्या लोकांना आपण तंबाखू सोडावी असे वाटते का' असे विचारले तर उत्तर 'हो' येते, कारण बायकोला आणि मुलीला तसे वाटतच असते. बांधावरच्या पाहुण्याला काय वाटते ते वेगळे विचारावे लागते.

इरादा असूनही कृती होत नाही हा या सिद्धान्तातला मोठा खड्डा. थॉमस वेब आणि पास्कल शीरन यांनी 2006 मध्ये 47 प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा इराद्यात बऱ्यापैकी वाढ घडवून आणली तरी वर्तनात होणारा बदल त्यामानाने लहानच राहतो असे दिसले. लेव्हेंथल यांच्या नकाशाचे महत्त्व इथे पुन्हा लक्षात येते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी तीच गोष्ट 'जर-तर' योजनेच्या रूपात मांडली: 'मी तंबाखू कमी करीन' असे मोघम न ठरवता, अमुक वेळी अमुक घडले तर मी अमुक करीन, असे आधीच बांधून ठेवायचे. सगळ्या सिद्धान्तांच्या गर्दीत माझ्या मते कामाला सर्वांत जास्त येणारी गोष्ट हीच आहे, आणि अभ्यासक्रमात तिला जेमतेम परिच्छेदभर जागा मिळते.

एक उदाहरण जरा जवळून सांगते. आमच्या भागातल्या एका विडीकामगार बाईंचा दिवस मिसरीच्या, म्हणजे दाताला लावायच्या भाजलेल्या तंबाखूच्या भुकटीच्या, डबीने सुरू होत असे. मिसरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, हे त्यांनी सासूकडून उचललेले. नंतर मांडीवर सूप, सुपात जर्दा, शेजारी भिजवून कापलेली तेंदूची पाने, आणि हजार विड्यांवर मजुरी. "डोकं जड झालं की हात चालत न्हाई बाई, आन् हात न्हाई चालला तर हजार भरत न्हाई," हे त्यांचे म्हणणे. त्यांना धोका माहीत होता. हिरड्या काळ्या पडून सुजल्या होत्या, त्यामुळे तो स्वतःचाही वाटू लागला होता. सोडायची इच्छाही होती. त्या अडल्या होत्या सकाळच्या त्या ठरावीक क्षणाशी, चुलीपुढे बसल्यावर हात आपोआप कोनाड्यातल्या डबीकडे जायचा त्याच्याशी. म्हणून योजना तेवढ्यापुरतीच केली: डबी सुनेकडे द्यायची, आणि चुलीपुढे बसून हात कोनाड्याकडे गेला तर आधी चहाचे आधण ठेवून तोंडात बडीशेप टाकायची. सकाळची मिसरी सुटली. दुपारची मात्र बरेच दिवस सुटली नाही, कारण दुपारी चार बायका एकत्र बसून लावत आणि तिथे एकटीने 'नको' म्हणणे चुलीपुढच्या योजनेत बसत नव्हते. पुढे त्यांच्यातल्याच दुसरीने सोडली तेव्हा यांचेही धाडस झाले.

हा शेवटचा भाग मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांच्या सिद्धान्तातला आहे. 1977 मध्ये त्यांनी स्व-क्षमतेची कल्पना मांडली: मला हे जमेल असा विश्वास, आणि तोही त्या विशिष्ट कामाबद्दल. हा विश्वास मुख्यतः स्वतः थोडे करून पाहिल्याने वाढतो, त्याखालोखाल आपल्यासारख्याच कोणाला ते जमलेले पाहून, आणि त्यानंतर कोणी धीर दिल्याने. अंगाला होणारा त्रास, तलफ, चिडचिड यांचा अर्थ आपण कसा लावतो यावरही तो अवलंबून असतो. 'आपल्यासारख्याच' हा शब्द इथे महत्त्वाचा. सोडलेल्या डॉक्टरपेक्षा सोडलेल्या विडीकामगार बाईचा दाखला जास्त लागू पडतो.

आता आपल्या वर्गात बहुधा सर्वांत लोकप्रिय असलेले प्रतिमान: जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटे यांचे अवस्थांचे, 1983 च्या धूम्रपानावरील कामातून पुढे आलेले. विचारच नाही, विचार आहे, तयारी, कृती, टिकवणे. फळ्यावर ते फार सुबक दिसते. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. पुढच्या सहा महिन्यांत सोडणार म्हणणारा एका अवस्थेत आणि पुढच्या महिन्याभरात सोडणार म्हणणारा दुसऱ्या अवस्थेत, या रेषा माणसांच्या आयुष्यात कुठेच आखलेल्या नसतात. पुष्कळ माणसे कोणतीही तयारी न करता एका सकाळी सोडून मोकळी होतात. रॉबर्ट वेस्ट यांनी 2005 मध्ये हे प्रतिमान आता बाजूला ठेवावे असेच लिहिले, आणि धूम्रपान सोडवण्याचे अनेक प्रयोग एकत्र तपासणारा कॉक्रेन आढावा 2010 मध्ये आला त्यातही अवस्थेनुसार दिलेली मदत इतर मदतीपेक्षा सरस ठरल्याचे दिसले नाही. त्याचा एक गुण मात्र मी मानते: घसरण हा या वाटेचाच भाग आहे, हे ते सांगते, आणि त्यामुळे पुन्हा तंबाखू धरलेल्या माणसाला आपण लगेच निकालात काढत नाही.

सवयीबद्दल एक आकडा आपल्याला सर्वत्र भेटेल: एकवीस दिवस. तो विसरावा. फिलिपा लॅली आणि लंडनमधील सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या, 2010 च्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लागणारा मधला कालावधी 66 दिवस आला, आणि माणसागणिक तो 18 पासून 254 दिवसांपर्यंत पसरलेला होता. अभ्यास मुळात 84 दिवसांचाच होता, म्हणजे 254 हा आकडा गणिताने पुढे वाढवून काढलेला आहे. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हे त्यातले निरीक्षण बीपीची गोळी विसरणाऱ्यांना मी आवर्जून सांगते.

इथवरचे जवळजवळ सगळे सिद्धान्त माणसाच्या डोक्यात डोकावतात. निपाणीत तेवढ्याने भागत नाही. इथे तंबाखू पिकते, वखारीत साठते, तिच्यावर हजारो घरांची मजुरी चालते. 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठिय्या मांडला होता, ही आठवण घराघरांत आहे. अशा गावात 'तंबाखू वाईट' हे वाक्य आरोग्याचा सल्ला म्हणून ऐकले जात नाही, पोटावर पाय दिल्यासारखे ऐकले जाते. कायद्याचेही तसेच: गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 मध्ये आणि कर्नाटकात 2013 मध्ये बंदी आली, तेव्हा दोन्ही राज्यांच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे-पलीकडे नियम एकच झाला, पण पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत अशी जोडी टपरीवर मिळू लागली आणि गिऱ्हाइकाने ती तळहातावर एकत्र केली.

म्हणूनच आपल्या प्रकल्पासाठी सुझन मिची, मार्ट्ये व्हॅन स्ट्रालेन आणि वर उल्लेखलेले रॉबर्ट वेस्ट यांनी 2011 मध्ये मांडलेली कॉम-बी ही चौकट घ्यावी, असे मी सुचवीन. वर्तनासाठी क्षमता, संधी आणि प्रेरणा तिन्ही लागतात, एवढेच ती म्हणते. पण 'संधी' हा शब्द तिने माणसाच्या डोक्याबाहेर काढून परिसरात आणि माणसांत ठेवला आहे. एक साधी गोष्ट घ्या. आपल्याकडे वाटली जाणारी आरोग्यपत्रके बहुधा कन्नडमध्ये असतात. शाळेत कन्नड शिकलेली नातवंडे ती वाचू शकतात, पण मराठी शाळेत शिकलेल्या आजी-आजोबांसाठी तो कागद कोराच असतो. जुन्या नजरेने पाहिले तर 'माहिती देऊनही प्रतिसाद नाही' अशी नोंद होते. या चौकटीने पाहिले तर अडचण पत्रकात आहे असे दिसते, आणि आशाताईंनी दारात उभे राहून दोन मिनिटे मराठीत सांगितले की ती सुटते.

प्रश्नावली करताना 'तंबाखू हानिकारक आहे असे आपल्याला वाटते का' या प्रश्नावर जागा घालवू नका. सगळे 'हो' म्हणतील आणि आपल्या हाती काही लागणार नाही. दिवसातली पहिली चिमूट केव्हा आणि कुठे, शेवटची कोणाबरोबर, ती कोण आणून देते, यापूर्वी सोडली होती तर पुन्हा कोणत्या प्रसंगी धरली, हे विचारा. उत्तरांवरून माणसामाणसाची अडचण वेगळी काढा आणि प्रत्येकाबरोबर एकच जर-तर योजना त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. महिन्याने विचारणा कराल तेव्हा आकडे छान दिसतील. मार्गदर्शकांना विनंती करून सहा महिन्यांनीही एकदा विचारा आणि दोन्ही आकडे अहवालात द्या. ज्यांची तलफ फार तीव्र आहे त्यांना योजनेवर सोडू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे पाठवा; तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक 1800-11-2356 हा आहे, तो योजनेच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा.