गच्चीवरून : लेंड्या, भुसा आणि पिवळी पडलेली मिरची

मागच्या अंकात, गिनीपिगच्या पिंजऱ्यातल्या कचऱ्याचं उत्तम खत होतं, असं मी जाता जाता लिहून गेले. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळी गुलाबाची छाटणी बाजूला ठेवावी लागते आहे. गुलाबवाल्यांनी महिनाभर कळ काढावी.

प्रश्न : काकू, लेकीच्या हट्टापायी दिवाळीत दोन गिनीपिग आणले. खाली अंथरायला वखारीतून लाकडाचा भुसा आणते. तुमचं वाचून तो मुतलेला भुसा मिरची आणि टोमॅटोच्या कुंड्यांत मातीत चांगला कालवला. आता मिरची खालून पिवळी पडत चालली आहे. मूत जास्त झालं का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जास्त नाही, कमी पडलं. मूत जास्त झालं असतं तर पानांच्या कडा करपल्या असत्या. तुमची खालची, जुनी पानं आधी पिवळी पडताहेत, म्हणजे झाडाला नत्र (नायट्रोजन) मिळेनासं झालं आहे आणि ते जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला पुरवतं आहे.

दोष भुशाचा. लाकडाच्या भुशात एक भाग नत्रामागे कर्ब (कार्बन) तीनशे-चारशे भाग असतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना 25-30 भागांमागे एक भाग नत्र लागतं. एवढा भुसा खायला मिळाल्यावर ते मातीतलं नत्र सावकाराकडून उचलावं तसं उचलतात. फेडतात पुढे, भुसा कुजून संपला की; पण तोवर तुमच्या मिरचीचा हंगाम उलटलेला असतो.

झाड उपटू नका. वरची बोट-दोन बोटं माती मुळांना धक्का न लावता उकरून काढा आणि खताच्या डब्यात टाका. मूठभर शेंगदाणा पेंड दोन दिवस पाण्यात भिजवा, त्यात दहापट पाणी घालून आठवड्यातून एकदा द्या. पिवळी पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे बघूच नका. नवा शेंडा हिरवा येतो का ते बघा. उरलेला भुसा मातीच्या वर पसरायला हरकत नाही. मातीत कालवला नाही तर तो नत्र फारसं ओढत नाही, आणि ऊन अडवतो हा वरचा फायदा.

आता वखारीचं. तो भुसा कशाचा, हे विचारलंत का? प्लायवूड किंवा एमडीएफ कापलेला असेल तर त्यात डिंकाचं रसायन आलं. ते पिंजऱ्यातही नको आणि कुंडीतही नको. देवदार-पाईनचा ताजा, वासाचा भुसा जनावराच्या श्वासाला बाधतो. अगदी पिठासारखा बारीक भुसा तर कुठल्याच झाडाचा चालत नाही, नाकात जातो. लाकूड साधं असेल तर रंधा मारताना निघणारी कुरळी साल मागून घ्या.

आमच्याकडे तिळू आणि खसखस या दोघी आहेत (नावं नातीनं ठेवली, मला विचारलं नाही). त्यांच्याखाली तळाला वर्तमानपत्राचे चार-पाच थर आणि वर वीतभर कापलेला भाताचा पेंढा. पुरवणीचा गुळगुळीत रंगीत कागद वापरत नाही. गिनीपिगला मुतायचा एक ठरलेला कोपरा असतो. तिथे पेंढा चपटा होतो, तपकिरी पडतो, आणि तळाला पांढरी खरपुडी धरते. त्यांचं मूत मुळात चुनखडीनं गढूळच असतं, घाबरू नका. खरपुडी व्हिनेगर लावून ठेवलं की सुटते, फिनेल नको. तेवढाच कोपरा रोज काढून डब्यात टाकायचा, बाकीचं आठवड्यानं. खताचा जोर त्या कोपऱ्यातच असतो, आणि पेंढा भुशाच्या कितीतरी आधी कुजतो. पिंजऱ्यात काय अंथरता, त्यावरच पुढे कुंडीत काय पडणार ते ठरतं.

प्रश्न : सशाच्या लेंड्या थेट कुंडीत घालतात, तशा गिनीपिगच्याही चालतात का? मेथी-कोथिंबिरीला घातल्या तर? – एक आजोबा, नाशिक

उत्तर : चालतात. कोंबडीखतासारख्या त्या तापत नाहीत, मुळं जाळत नाहीत. जास्वंद, मोगरा, लिंबू, शेवगा, यांच्या बुंध्यापासून थोड्या लांब मूठभर पसरा आणि वर पालापाचोळा टाका. पावसात त्या आपोआप विरघळून जातात.

मेथी-कोथिंबिरीला मात्र कच्च्या नको. गिनीपिग धडधाकट दिसत असला तरी त्याच्या पोटात साल्मोनेला हा जुलाब करणारा जिवाणू असू शकतो, आणि कोथिंबीर आपण कच्ची खातो. पालेभाजीला, मुळ्याला, गाजराला पूर्ण कुजलेलं खतच घाला. घरचा डबा मोठ्या ढिगासारखा तापत नाही, म्हणून मी चार महिने भरल्याशिवाय तो पालेभाजीच्या वाफ्याकडे नेत नाही.

डब्याची कृती सोपी आहे. रंगाचा 20 लिटरचा रिकामा डबा, बुडाला आणि बाजूंना भोकं. तळाला सुका पाला, त्यावर पिंजऱ्यातलं ओलं अंथरूण, त्यावर भाजीची देठं-सालं, पुन्हा पाला. मधूनमधून आंबट ताकाचा शिपका. मूठ दाबली तर एखादा थेंब यावा. धार लागली तर सुका पाला वाढवा. आठवड्यातून एकदा खालवर करा. अमोनियाचा झणका आला तर मूत जास्त आणि सुकं कमी आहे, एवढंच.

एक राहिलं. गिनीपिगनं खाऊन उरलेली हरळी डब्यात टाकत असाल तर आधी गच्चीवर कडकडीत वाळवा. हरळीचा पेर जिवंत राहिला की कुंडीत फुटतो, आणि मग खुरपं घेऊन बसा.

प्रश्न : सशाचं आणि गिनीपिगचं खाद्य एकच, असं दुकानदार म्हणाला. आमचा गिनीपिग हल्ली मागचा पाय ओढतो, केस राठ झालेत. – एक आई, कोल्हापूर

उत्तर : बागेचा प्रश्न नाही, पण हा आधी. आजच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या, कुत्र्या-मांजरांखेरीज छोटे प्राणी बघणाऱ्या. सशाच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होतं, गिनीपिगच्या होत नाही. आपल्यासारखंच त्यालाही ते रोज खाण्यातून लागतं. नाही मिळालं की सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं. माणसाच्या स्कर्व्ही रोगाचा उलगडा व्हायला गिनीपिगचीच मदत झाली: 1907 साली नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रॉलिख यांनी नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगना स्कर्व्ही होतो, हे दाखवलं.

रोज ढोबळी मिरचीची फोड आणि थोडी कोथिंबीर द्या. पेरूची लहान फोड अधूनमधून. पालक क्वचितच. पोट मात्र गवतानं भरलं पाहिजे, कारण दात जन्मभर वाढत राहतात आणि ते गवत चावूनच झिजतात. लसूणघास रोज नको. त्यात चुना फार. वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्यांना मूतखड्याला निमंत्रण. आणि डॉक्टरांना आठवणीनं विचारा, औषधात पेनिसिलिन-अमॉक्सिसिलिन नाही ना? तोंडातून दिलं तर गिनीपिग दगावतो. औषध चालू असेपर्यंत त्याचा कचराही खतात नको.

प्रश्न : आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या पुढे जातो. पिंजरा गच्चीवर जाळीच्या सावलीत ठेवला तर चालेल? एकटाच आहे, सोबत आणावी का? – एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : गच्चीवर नको. तुमच्या गच्चीवर मे महिन्यात माझी जास्वंदसुद्धा टिकणार नाही. हा मूळचा अँडीज पर्वतातल्या थंड हवेचा प्राणी, त्याला घाम येत नाही. 27-28 अंशांच्या वर त्याला त्रास सुरू होतो. घरातली सगळ्यात गार, उत्तरेकडची खोली द्या. बसायला मातीचं कौल ठेवा, दर दोन तासांनी दुसऱ्या ओल्या कौलाशी बदला. खिडकीला ओलं गोणपाट. तो आडवा पडून धापा टाकू लागला, लाळ गळू लागली, तर कान आणि पाय ओल्या फडक्यानं पुसत डॉक्टरांकडे न्या. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

सोबत हवीच. स्वित्झर्लंडमध्ये तर 2008 पासून एकटा गिनीपिग ठेवणं कायद्यानंच बंद आहे. पण नर-मादी आणाल तर फसाल. मादी गाभण राहिल्यापासून दोन महिन्यांच्या आसपास विते, पिल्लं केसांसकट, डोळे उघडे घेऊन जन्मतात, आणि नर पिल्लू तीन आठवड्यांत वेगळं काढावं लागतं. तुमचा नर असेल तर आधी त्याची नसबंदी करून घ्या आणि मग मादी आणा.

प्रश्न : खतासाठी म्हणून गिनीपिग पाळावेत का? – एक बागप्रेमी, ठाणे

उत्तर : नाही. रसवंतीवाल्याकडे उसाचा चोथा फुकट मिळतो, आणि सोसायटीचा झाडलोटीचा पालाही. पेरू देशात हे प्राणी मांसासाठी पाळतात. लिमाजवळ पाचाकामाकला एका शेतावर त्यांच्या लेंड्यांवर गोबर गॅसही चालतो आणि उरलेली मळी पिकाला जाते. तिथे ती शेतीच आहे. तुमच्या दोन खोल्यांत तो पाच ते आठ वर्षं सांभाळायचा जीव आहे.

प्रश्न : गांडुळांच्या टोपलीत पिंजऱ्यातला कचरा टाकला, गांडुळं बाहेर पळाली. – एक वाचक, सातारा

उत्तर : पळणारच, अमोनिया त्यांना सोसत नाही. मुतलेला पेंढा आधी पंधरा-वीस दिवस दुसऱ्या डब्यात पाल्याबरोबर मुरू द्या. मग टोपलीच्या एकाच बाजूला मूठभर ठेवून बघा. गांडुळं आपणहून त्या बाजूला गेली तरच पुढची मूठ टाका.