रात्रीचं खाणं डॉक्टरांना सांगू का?

ताई,
माझं वय ३७, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ११२ किलो. मधुमेहाची औषधं चालू आहेत, रात्री खूप घोरते. पुढच्या महिन्यात वजन कमी करण्याच्या ऑपरेशनसाठी सर्जनना पहिल्यांदा भेटायचं आहे. ‘आधी तोंडावर ताबा ठेवा’ असं ऐकावं लागेल, या भीतीने मी एक वेळचं जेवण सोडलंय. तोवर पाच-सहा किलो तरी उतरावेत. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. सगळे झोपले की मी उठून खाते, पोट दुखेपर्यंत. नवऱ्याला माहीत नाही, आणि तो सोबत येणार आहे. हे सांगितलं तर ऑपरेशन नाकारतील का?
– नाव छापू नये

प्रिय मैत्रिणी,

आधी तातडीचं. सोडलेलं जेवण आजच पुन्हा सुरू कर. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना उपाशी राहिलं, तर साखर एकदम खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्धही पडतो. शिवाय दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर रात्री वसुली करतंच. दिवसाची उपासमार तुझं रात्रीचं खाणं वाढवतेय, असं मला तुझं पत्र वाचताना सारखं वाटत राहिलं. ऑपरेशनच्या आधी बहुतेक ठिकाणी काही दिवस कमी उष्मांकांचा आहार देतात, हे खरं. यकृताचा आकार कमी व्हावा आणि दुर्बिणीतून काम करायला जागा मिळावी, हा त्याचा हेतू. पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली असतो, मधुमेहाच्या औषधांचे डोस सांभाळून.

पाच किलो कमी दिसले नाहीत तर दारातूनच परत पाठवतील, हेही मनातून काढून टाक. तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजणारा आकडा, ४५च्या आसपास येतो. १९९१ साली ठरलेले जुने निकषसुद्धा ४०च्या वर ऑपरेशनचा विचार करा असं सांगत होते. २०२२ मध्ये ते आणखी खाली आले: बीएमआय ३५ असेल तर दुसरा आजार असो वा नसो, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी २७.५ पासून. म्हणजे ऑपरेशनचा विचार व्हावा का, हा तुझ्या बाबतीत प्रश्नच नाही. ते तुला मानवेल का, कोणतं मानवेल आणि त्याआधी काय सावरायला हवं, एवढंच त्या भेटीत पाहायचं आहे.

आता रात्रीचं. सांग. अगदी पोट दुखेपर्यंत खातेस, हेही सांग. पोट भरल्यावरही थांबता न येणं, एकटीने लपून खाणं, नंतर स्वतःचीच किळस वाटणं, याला वैद्यकशास्त्रात नाव आहे: बिंज ईटिंग. २०१३ पासून त्याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद होते आणि त्यावर उपचार आहेत. जीभ चटावल्याचा हा प्रकार नाही. ऑपरेशनआधी बहुतेक ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांशी भेट असते, ती याच गोष्टी वेळेत कळाव्यात म्हणून. हे ऐकून बहुधा कुणी नकार देत नाही. फार तर तारीख पुढे जाईल, आधी यावर काम होईल. तो वेळ वाया जात नाही.

लपवलंस तर काय होईल ते सांगते. स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि तो परत जोडता येत नाही. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं, त्यामुळे भूकही घटते. पण रात्री दोन वाजता तुला जे उठवतं, ते प्रत्येक वेळी भूक असतं का? ते एकटेपण असेल, दिवसभर गिळलेला राग असेल, तर जठर लहान केल्याने ते जाणार नाही. मग थोडं थोडं सतत खाणं सुरू होतं, उलट्या होतात, वजन पुन्हा चढतं. आणि ‘ऑपरेशन करूनही हिला जमलं नाही’ हे ऐकायला पुन्हा तूच उरतेस. ते तुझ्या वाट्याला येऊ नये, म्हणून इतक्या कळकळीने लिहितेय.

नवऱ्यासमोर सांगायला हवं असं मुळीच नाही. ‘मला डॉक्टरांशी थोडा वेळ एकटीशी बोलायचंय,’ हे आधीच फोन करून कळव, किंवा आत गेल्यावर नर्सना सांग. ही विनंती त्यांच्यासाठी नवी नाही. मात्र थोडा वेळ तो आत असूच दे. तुझ्या घोरण्याचा साक्षीदार तोच आहे. झोपेत तुझा श्वास मध्येच थांबतो का, दचकून पुन्हा सुरू होतो का, हे तुला कळणार नाही, त्याला कळेल. श्वास थांबत असेल तर भूल देण्यात धोका वाढतो. त्यामुळे आधी झोपेची तपासणी करतात, गरज पडल्यास रात्री लावायचं मशीन देतात.

सोबत औषधांची यादी ने, डोससकट. स्टिरॉइड, मनाच्या आजाराच्या काही गोळ्या, इन्सुलिन यांनीही वजन वाढतं, त्यामुळे एकही गोळी वगळू नकोस. आजवर केलेले प्रयत्न थोडक्यात लिही: केव्हा, किती उतरलं, किती परत आलं. छातीत जळजळ होत असेल तर ते ठळक सांग. स्लीव्हने ती वाढू शकते आणि मग बायपासचा विचार होतो. हा हृदयाचा नव्हे, जठराचा बायपास: जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. तंबाखू, सिगारेट, दारू असेल तर तेही. मूल हवं असेल तर ऑपरेशननंतर साधारण १२ ते १८ महिने थांबायला सांगतात.

विचारायचं तेही लिहून ने, समोर बसल्यावर आठवत नाही. माझ्या मधुमेहाला स्लीव्ह बरं की बायपास, आणि का? तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? जठराच्या टाक्यांतून गळती होण्याचं किंवा रक्तस्राव होण्याचं प्रमाण किती? दोन वर्षांनंतर माझ्याकडे कोण बघणार? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांची औषधं आणि रक्ततपासण्या जन्मभर चालतात. पहिल्या एक-दोन वर्षांत साधारण एकूण वजनाच्या पाव ते तिसरा हिस्सा उतरतो, पुढे त्यातलं थोडं परतही येतं. ११२चे ५५ होणार नाहीत. केस गळतील, बहुधा काही महिन्यांपुरते. कातडी सैल पडेल. हे पटत नसेल तर ऑपरेशनाशिवायचे उपायही विचार, हल्लीची औषधंसुद्धा. त्याच दिवशी हो म्हणायची सक्ती नाही.

एवढं करून तोंडातून शब्द फुटला नाही तर? आजच एक चिठ्ठी लिही: ‘मी रात्री लपून खाते, थांबता येत नाही. घरी माहीत नाही. मला मदत हवी आहे.’ ती औषधांच्या यादीखाली ठेव. एकटी असशील तेव्हा यादीबरोबर तीही त्यांच्या हातात दे.

– तुझी ताई