वाढ 40, हातात 6

तुमचा प्रश्न असा: दुसऱ्या शहरातल्या नोकरीत पगार 40 टक्क्यांनी वाढतोय, डोक्यावर कर्ज नाही, पण आईवडील आणि शाळेपासूनचे मित्र मागे राहतील. जावं का?

आधी तुम्हीच पाठवलेले आकडे बघू. आजचा पगार 100 धरा. वाढीव 40 मधले 10 करात जातील, 12 घरभाड्याच्या फरकात, 8 पाळणाघराला आणि 4 जाण्यायेण्यात. उरले 6. (पाळणाघराचं काम आज तुमची आई करते. तुमच्या खर्चाच्या यादीत त्यापुढे शून्य आहे, म्हणून ते नजरेतून सुटलं.)

पैशाने सुख वाढत नाही, असं मी म्हणणार नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांना 2010 मध्ये दिसलं होतं की एका पातळीपुढे रोजचा आनंद वाढायचा थांबतो. 2023 मध्ये कानेमान यांनीच मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि बार्बरा मेलर्स यांच्यासोबत तो निष्कर्ष सुधारला: बहुतेकांचा आनंद पुढेही वाढत राहतो, मुळात फार दुःखी असलेल्यांचा मात्र अडतो. पण ही वाढ पटीत मोजायची. उत्पन्न दुप्पट झाल्यावर जेवढा फरक पडला, तेवढाच पुन्हा हवा तर पुन्हा दुप्पट व्हावं लागतं. त्या मापात 6 टक्के जाणवणारही नाहीत.

नात्यांचं पारडं मोजणं अवघड. हार्वर्डचा 1938 पासून चाललेला अभ्यास सांगतो की पन्नाशीत नात्यांत समाधानी असलेली माणसं ऐंशीत जास्त निरोगी होती. त्यात सुरुवातीला फक्त पुरुष होते, आणि तब्येत चांगली असली की नातीही टिकतात, त्यामुळे मी त्यावर सगळा भार टाकत नाही. पण मुलीला मध्यरात्री ताप आला तर तुम्ही कोणाला फोन कराल? इथे तीन नावं तुम्ही लगेच सांगाल. तिथे ती जमायला वर्षं जातील.

अंगावर महागडं कर्ज असतं, तर मी बिनदिक्कत 'जा' म्हटलं असतं. हप्त्यांची धास्ती घरातली नातीही पोखरते. तुमचं तसं नाही. म्हणून या अटींवर माझं उत्तर नाही.

मात्र नकार कळवण्याआधी एक विचारून बघा: इथूनच काम करायची मुभा, पगारवाढ फक्त 15 टक्के. ना भाडं, ना पाळणाघर. कर वजा जाता हातात साधारण 11 राहतील.