४२.११ म्हणजे नेमके किती फूट?

या वेळी तीन पत्रं एकाच विषयाची निघाली, बातमी आणि कॉम्प्युटर, म्हणून तिन्ही एकत्रच घेतेय. पहिल्याला जागा जास्त गेलीय, पण तो प्रश्न माझ्याही फार जवळचा आहे.

प्रश्न : ताई, मी शिरोळ तालुक्यात १४ वर्षं वार्ताहर आहे. आमच्या गावचा एक पोरगा सॉफ्टवेअरमध्ये आहे, सध्या घरनंच काम करतोय. तो म्हणतोय काका, आपण दोघं मिळून पुराच्या बातम्यांचं एक ॲप करूया. मला कोडिंग कळत नाही, त्याला बातमी कळत नाही. तीनदा बसलो आणि तीनदा चहा पिऊन उठलो. सुरुवात कुठनं करायची? आणि खरं सांगा, हे झालं तर माझं काम राहील का?
(वार्ताहर, शिरोळ)

उत्तर : दादा, आधी ॲप हा शब्दच बाजूला ठेवा. का ते सांगते.

एका पावसाळ्यात मी कोल्हापुरात डेस्कवर होते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सारखी येत होती आणि एका हुशार मुलाने आम्हाला ग्राफ करून दिला होता, ३९ फुटांवर इशाऱ्याची रेघ, ४३ वर धोक्याची, बघायला एकदम भारी. रात्री पाणी ४२ फूट ९ इंच झालं, मग १० इंच, मग ११. आम्ही आपलं नेहमीच्या सवयीने ४२.९, ४२.१०, ४२.११ असं टाइप करत गेलो आणि ग्राफची रेघ धाडकन खाली आली! मशीनच्या हिशेबात ४२.१० म्हणजे ४२.१ ना. धोक्याच्या पातळीला एक इंच उरला होता आणि आमचा ग्राफ लोकांना सांगत होता की पाणी उतरतंय. नदीवर उभ्या असलेल्या बातमीदाराचा फोन आला, अगं पाणी चढतंय आणि तुम्ही काय दाखवताय, तेव्हा कळलं. लगेच काढून टाकला, पण तेवढ्या वेळात तो किती जणांनी बघून निवांत झोप घेतली असेल हा विचार अजून माझ्या डोक्यातनं जात नाही.

त्या पोराला टिंबानंतर इंच असतात हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि आम्हाला ही सांगायची गोष्ट आहे हेच सुचलं नव्हतं, कारण कोल्हापुरात ते लहान पोरालाही कळतं. दोघंही आपापल्या कामात पक्के होते, फक्त एका टेबलावर कधी बसले नव्हते, सगळं फोनवर आणि मेसेजवर.

म्हणून चौथ्यांदा बसाल तेव्हा लॅपटॉप बंद ठेवा आणि एक वही घ्या. पावसाळ्यात तुम्हाला लोकांचे जे फोन येतात ते जसेच्या तसे लिहून काढा. नृसिंहवाडीचा रस्ता चालू आहे का, कुरुंदवाडला जाता येईल का, जनावरं आज हलवू की उद्या, दुधाची गाडी येणार का. त्यातला एकच प्रश्न निवडा, दोन नकोत. समजा रस्त्याचा निवडला. मग पोराला सांगा की राजाराम बंधाऱ्यावर उतार लागला म्हणून शिरोळ लगेच सुटत नाही, पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, आणि कृष्णाच फुगलेली असेल तर आपलं पाणी जाणार कुठं, ते तुंबतं, कधीकधी कोल्हापुरात उतरत असताना आपल्याकडं चढत असतं. कुठल्या बंधाऱ्यावर किती फूट झाल्यावर कुठला रस्ता आधी जातो हे तुमच्या डोक्यात आहे, २०१९ आणि २०२१ चा पूर तुम्ही स्वतः फिरून कव्हर केलाय, तुमच्या जुन्या कात्रणांत तारखा आहेत. त्या पोराला जो डेटा पाहिजे म्हणतो तो हाच, आणि तो कुठल्या वेबसाइटवर तयार मिळणार नाही.

त्याचा तक्ता करा. कुठला बंधारा, किती वाजता मोजलं, तुम्हाला किती वाजता कळलं, कुणी सांगितलं, आणि फूट एका खान्यात, इंच दुसऱ्या खान्यात. मोजल्याची वेळ आणि कळल्याची वेळ वेगळी लिहायचीच, कारण पुरात निम्मा गोंधळ सकाळचा आकडा दुपारी फिरल्यानेच होतो. तसंच नुसतं "राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले" असं लिहायचं नाही, स्वयंचलित दरवाजे ७ आहेत, एका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी येतं, मग २ उघडले की ७ हे लिहिल्याशिवाय त्या वाक्याला काय अर्थ?

हे काम मोठ्या शहरातच होतं असं समजू नका. अमेरिकेत कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं लहानसं शहर आहे, तिथल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या स्थानिक पेपरात २००३ साली एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे दोन प्रोग्रामर बातमीदारांसोबत काम करायचे. पेपरची घाई तुम्हाला माहितीच आहे, दुपारी मागितलं की संध्याकाळी पाहिजे. त्या घाईतनं त्यांनी झटपट वेबसाइट उभी करायचं एक साधन बनवलं, २००५ साली ते जँगो या नावाने सगळ्यांना फुकट खुलं झालं, आणि पुढं इन्स्टाग्रामसुद्धा त्याच्यावर उभं राहिलं. तुमच्या पोराला जँगो माहीत असणार, पण ते एका गावच्या पेपरात जन्मलं हे बहुतेक माहीत नसेल, सांगा त्याला. हाच विलिसन २००९ साली लंडनच्या गार्डियन या पेपरात होता. ब्रिटिश खासदारांच्या खर्चाची साडेचार लाखांच्या वर पानं एकदम बाहेर आली तेव्हा त्याने ती वेबसाइटवर टाकून वाचकांनाच तपासायला दिली, आणि हजारो लोक पानं चाळायला बसले. त्याच वर्षी हॅक्स हॅकर्स नावाने पत्रकार आणि प्रोग्रामर ठरवून भेटायला लागले, पुढं जगभर कितीतरी शहरांत ते सुरू झालं. आपल्याकडं त्याला मोठा हॉल लागत नाही, तुमच्या घरचा सोपा पुरे आहे.

काम राहील का? २०१६ च्या पनामा पेपर्समध्ये, म्हणजे परदेशातल्या गुप्त कंपन्यांच्या फुटलेल्या कागदपत्रांत, १ कोटी १५ लाख कागदपत्रं होती, २.६ टेराबाइट. प्रोग्रामर लोकांनी ती शोधता येतील अशी केली नसती तर कुणाला काही सापडलं नसतं. पण सापडलेलं नाव कुणाचं, त्याची कंपनी कशासाठी, त्याचं म्हणणं काय, हे ३५० हून जास्त पत्रकार बरेच महिने खणत होते. ज्याचं काम आलेली प्रेसनोट जशीच्या तशी पुढं पाठवणं एवढंच आहे त्याचं काम कमी होणार, ते मी लपवत नाही. पाण्यात उतरून बघणाऱ्याचं होणार नाही.

आणि दोन गोष्टी आधीच कागदावर लिहून घ्या. बातमीखाली दोघांचीही नावं येणार, आणि रात्री २ वाजता आकडा बदलला तर तो कोण बदलणार. एखाद्या पेपरने घेतलं तर मानधनाचं आधी बोला, नंतर बोलायला जीभ रेटत नाही.

प्रश्न : मॅडम, मी कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाणीपातळी आली की एआय आपोआप मराठी बातमी लिहून टाकेल असा प्रोजेक्ट करतोय. घरचे म्हणतात इंजिनिअर होऊन पत्रकारितेच्या नादी कशाला लागतोस. प्रोजेक्ट करू का?
(विद्यार्थी, राजारामपुरी)

उत्तर : कर, जरूर कर. घरच्यांना सांग की १८३२ साली दर्पण काढणारे बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवायचे आणि कुलाब्याच्या वेधशाळेतही त्यांनी काम केलं होतं. म्हणजे मराठी पेपरची सुरुवातच गणितवाल्या माणसाने केलीय.

पण प्रोजेक्टचा मधला भाग नीट कर. लॉस एंजेलिस टाइम्सकडं क्वेकबॉट नावाचा प्रोग्राम आहे, अमेरिकेच्या भूगर्भ खात्याचा अलर्ट आला की भूकंपाची छोटी बातमी तयार करतो. २०१४ च्या मार्चमध्ये भूकंप झाला आणि अवघ्या ३ मिनिटांत बातमी लागली, जगभर कौतुक झालं. मग जून २०१७ मध्ये त्याच खात्याकडनं चुकून एक अलर्ट गेला, सांता बार्बराजवळ ६.८ चा भूकंप. तो भूकंप १९२५ सालचा होता! संशोधक जुनी नोंद दुरुस्त करत होते त्यातनं तो बाहेर पडला, आणि त्यावर तारीख पडली होती २०२५ ची, म्हणजे ८ वर्षं पुढची. क्वेकबॉटने बातमी लावून टाकली. माणसाने नुसती तारीख वाचली असती तरी थांबला असता.

तुझ्या प्रोग्रामने वाक्यं किती छान लिहिली याच्यावर मार्क मिळतील कदाचित, पण मला विचारशील तर अर्धा वेळ थांबायचं कधी यावर घाल. आधीच्या आकड्यापेक्षा पातळी एकदम ४ फूट वाढली, थांब. वेळ उलटी आली, थांब. ५ तास नवीन आकडाच नाही, तर जुना आकडा नवीन म्हणून दाखवायचा नाही, "शेवटची नोंद अमुक वाजता" असं स्पष्ट लिहायचं. थांबल्यावर फोन कुणाला जाणार तेही ठरव, आणि तो माणूस नदीचा पाहिजे. वाक्यांसाठी मोठ्या एआयची गरज पण नाही, आकडे भरायचे साचे एखाद्या जुन्या बातमीदाराकडनं लिहून घे, तो "किंचित वाढ" कधी म्हणायचं आणि "झपाट्याने वाढ" कधी हे सांगेल. एआयला तो फरक शब्दांचा वाटतो, शाहूपुरीतल्या दुकानदाराला तो माल वर उचलायचा की नाही याचा असतो. वरचं शिरोळच्या दादांचं पत्रही वाच, वर्गात बसून प्रोजेक्ट करण्यापेक्षा अशा माणसाकडं दोन रविवार जाऊन बस.

प्रश्न : आमच्या गल्लीच्या ग्रुपवर दरवर्षी पुराचे जुनेच फोटो फिरतात. आम्हा साध्या माणसांना ओळखता येतील का?
(गृहिणी, शुक्रवार पेठ)

उत्तर : येतील वहिनी. गुगल लेन्समध्ये फोटो टाकून बघा, जुना आणि गाजलेला असेल तर बऱ्याचदा लगेच सापडतो. नाही सापडला तर फोटोतल्या दुकानांच्या पाट्या आणि बॅनर बघा, गेल्या वर्षी बंद पडलेलं दुकान चालू दिसलं तर झालंच की काम. आणखी एक सोपं आहे. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो कधी आणि कुठं काढला ही आतली माहिती गाळून येतो, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर सहसा ती तशीच राहते. ज्याने टाकलाय त्याला नीट विचारा, भाऊ, मूळ फोटो डॉक्युमेंट करून पाठवता का. स्वतः काढला असेल तर दोन मिनिटांत पाठवेल. "मला पण दुसऱ्या ग्रुपवरनं आलाय" असं उत्तर आलं तर तो फोटो पुढं पाठवू नका, आणि त्याच ग्रुपवर तसं लिहून टाका.