ढाल-कुलपाची चित्रं आधी काढ

सप्रेम नमस्कार,

पैसे पाठवायच्या नव्या साइटचा आराखडा पाहिला. मांडणी नेटकी आहे, पण पहिल्याच पडद्यावर ढाल, कुलूप आणि ‘१०० टक्के सुरक्षित’ हे तिन्ही आहेत. ते काढ. खोटी साइट उभारणाराही हीच चित्रं लावतो आणि एचटीटीपीएसचं (ब्राउझर आणि साइटमधली देवाणघेवाण सांकेतिक करण्याच्या पद्धतीचं) प्रमाणपत्र त्यालाही फुकट मिळतं. कुलूप दिसलं की साइट खरी, असा लोकांचा समज झाला होता, म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये ॲड्रेस बारमधलं कुलूप हटवलं.

रंग ठरवण्याआधी मदत-कक्षाकडे आलेल्या तीन महिन्यांच्या तक्रारी वाचून काढ. बहुतेकींचा सूर एकच असतो: ‘माझे पैसे कुठे आहेत?’ साइटने याचं उत्तर फोन करायला न लावता द्यायला हवं.

म्हणून सगळ्यात जास्त वेळ व्यवहार अडकतो त्या पडद्याला दे. तिथे ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’ असं लिहिणं घातक आहे. टाइमआउट झाला, म्हणजे उत्तरासाठी ठरलेली वेळ संपली, म्हणून व्यवहार फसला असं नव्हे. उत्तर आलेलं नाही, एवढंच. ग्राहक पुन्हा बटण दाबतो आणि रक्कम दोनदा कापली जाते. त्याऐवजी असं लिही: ‘रक्कम तुमच्या खात्यातून वजा झाली आहे. समोरच्या बँकेचं उत्तर यायचं आहे. पुन्हा पाठवू नका.’ खाली व्यवहार क्रमांक, तो कॉपी करायचं बटण आणि निकाल कधीपर्यंत कळेल ती वेळ. वजा झाली की नाही हेच माहीत नसेल, तर तसंच सांग. अंदाजाने धीर देऊ नकोस. बॅकएंडवाल्यांकडून (सर्व्हरची बाजू सांभाळणाऱ्यांकडून) प्रत्येक व्यवहाराला एकच आयडेम्पोटन्सी की लावून घे, म्हणजे तीच विनंती पुन्हा आली तरी रक्कम एकदाच कापली जाईल अशी खूण. नुसतं बटण निष्क्रिय करून भागत नाही, कारण माणूस पान रिफ्रेश करतो.

शुल्क शेवटच्या पायरीवर उघड करू नकोस. रक्कम टाकताच शुल्क आणि प्रत्यक्ष पोहोचणारी रक्कम शेजारीच दिसू दे. हा मजकूर फिकट करड्या रंगात नको: कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) किमान ४.५:१ हवा, नाहीतर काहीतरी लपवल्यासारखं वाटतं. आकडे समान रुंदीचे, उजवीकडे जुळवलेले. परवाना क्रमांकाची लिंक थेट नियामकाच्या नोंदवहीकडे जाऊ दे. प्रमाणपत्राचा फोटो कुणीही बनवतो. पासवर्ड पेस्ट करायला बंदी असेल तर तीही उठव.

आता बदल लोकांसमोर आणण्याचं. डोमेन बदलू नकोस. जुन्या पानांच्या पत्त्यांना ३०१ रिडायरेक्ट लाव, म्हणजे तिथे येणारा आपोआप नव्या पानावर कायमचा वळवला जाईल. लॉगिनचं पान सगळ्यात शेवटी बदल, कारण ते एका रात्रीत वेगळं दिसलं तर सावध ग्राहक त्याला फिशिंगच (पासवर्ड चोरणारं बनावट पान) समजेल (आणि त्याचं बरोबरच आहे). आगाऊ सूचना लॉगिननंतरच्या पानावर दे. ईमेलमध्ये लिंक नको. आधी ५ टक्के ग्राहकांना नवी साइट दाखव आणि ‘माझे पैसे कुठे आहेत?’ अशा तक्रारी पुन्हा मोज. वाढल्या तर तिथेच थांबव. जुनी साइट परत आणायची वाट तोवर उघडी ठेव.