प्रशिक्षकांना निरोप देताना

प्रश्न : आमच्या फुटबॉल क्लबच्या कार्यकारिणीने हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक बदलायचं ठरवलंय. करार अजून पाच महिन्यांचा आहे. वाद न होता हे कसं करावं?
– एका क्लबचे सचिव, कोल्हापूर

उत्तर : आधी करार काढून बसा. मुदतीआधी तो संपवायचं कलम आहे का, नोटीस किती दिवसांची, भरपाई किती, हे पाहिल्याशिवाय कुणाशीही बोलू नका. भारतीय संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांचं प्रकरण आठवा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचा करार जून २०२६ पर्यंत वाढवला आणि विश्वचषक पात्रता फेरीतून भारत बाहेर पडताच १७ जून २०२४ रोजी त्यांना काढलं. दोन वर्षं शिल्लक होती. महासंघाने देऊ केलेला तीन महिन्यांचा पगार त्यांनी नाकारला. शेवटी तडजोड झाली ४ लाख डॉलरवर.

फिफाच्या नियमांत योग्य कारणाशिवाय काढलेल्या प्रशिक्षकाची भरपाई साधारण अशी मोजतात : उरलेल्या मुदतीचं मानधन, वजा त्याच काळात नव्या कामातून मिळणारी रक्कम. तुमच्या करारात कलम नसेल तर पाच महिन्यांचा हाच हिशेब धरून बोलणीला बसा. नुसते सामने हरले, हे योग्य कारण म्हणून सहसा टिकत नाही, त्यामुळे पत्रात दोषारोप लिहूच नका.

निर्णय प्रशिक्षकांना तुमच्याच तोंडून, समोरासमोर कळू द्या. सामन्याच्या रात्री नको. दुसऱ्या दिवशी सकाळी, सरावाआधी. खोलीत अध्यक्ष आणि तुम्ही, दोघंच. बोलणं दहा मिनिटांत आटपा आणि सही केलेलं पत्र हातात द्या : शेवटचा दिवस, थकबाकी, प्रत्येक हप्त्याची तारीख. ‘नंतर बघू’ म्हटलेल्या हप्त्यावरूनच पुढे वकिलाची नोटीस येते.

बहुतेक क्लब इथेच चुकतात : कार्यकारिणीतल्या कुणीतरी आदल्या रात्रीच व्हॉट्सअॅपवर टाकलेलं असतं. प्रशिक्षकांशी बोलणं होताच तासाभरात खेळाडूंना मैदानावर एकत्र करून सांगा. प्रशिक्षकांची इच्छा असेल तर त्यांना खेळाडूंचा निरोप घेऊ द्या. तेवढा मान त्यांचा आहेच. पत्रकारांना त्यानंतर, चार ओळींत, आणि तो मजकूर आधी प्रशिक्षकांना दाखवून.

किट, चाव्या, सामन्यांचे व्हिडिओ यादी करून सह्यांनिशी परत घ्या. दुखापतींच्या नोंदी मात्र त्याच दिवशी मागा. त्या नसतील तर नवा प्रशिक्षक बऱ्या होत आलेल्या गुडघ्याला पहिल्याच सरावात पूर्ण वेगाने पळवतो.