'लाडा' मधुमेह: 'सुप्त' म्हणावा की 'संथ'?

प्रश्न असा आलाय: आत्याच्या रिपोर्टवर 'लाडा' (LADA, म्हणजे 'लेटंट ऑटोइम्यून डायबेटिस इन अ‍ॅडल्ट्स') असं लिहिलंय. एका मराठी लेखात त्याला 'सुप्त स्वयंप्रतिकार मधुमेह' म्हटलंय. पण शरीराने स्वतःहून प्रतिकार केला तर ते चांगलंच, मग हा आजार कसा?

शंका रास्त आहे. 'स्वयं' लागलं की मराठी कानाला 'स्वतःहून' असंच ऐकू येतं. स्वयंसेवक, स्वयंचलित, स्वयंस्फूर्त. इथे मात्र अर्थ 'स्वतःविरुद्ध' असा आहे. स्वादुपिंडातल्या ज्या बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात, त्यांनाच परकं समजून प्रतिकारशक्ती त्यांच्यावर उठते. हा 'विरुद्ध' त्या समासात कुठेच दिसत नाही. 'आत्मघाती' अर्थाच्या जवळ जातो, पण रुग्णासमोर तो उच्चारवत नाही. 'स्वयंप्रतिकार' आता रुळलाय, तर राहू द्यावा. फक्त पहिल्यांदा वापरताना फोड करून सांगावी.

माझी खरी हरकत आहे ती 'सुप्त'ला. सुप्त गुण, सुप्त ज्वालामुखी, म्हणजे जे झोपलंय ते. लाडामध्ये काहीच झोपलेलं नसतं. बीटा पेशी नष्ट होतच असतात, फक्त लहान मुलांच्या टाइप १ इतक्या झपाट्याने नाही. बहुतेकदा तिशीनंतर निदान होतं, पुढचे किमान सहा महिने इन्शुलिनवाचून निभावतं आणि तोवर पुष्कळदा टाइप २ समजूनच उपचार चालतात. १९९३ साली हे नाव रूढ होऊ लागलं तेव्हा त्यात 'लेटंट' होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९च्या वर्गीकरणात मात्र 'प्रौढांमधला, प्रतिकारशक्तीमुळे होणारा, हळूहळू वाढणारा मधुमेह' अशा अर्थाचं नाव घेतलं. म्हणून मी 'संथ स्वयंप्रतिकार मधुमेह' म्हणेन. डॉक्टरांशी बोलताना 'लाडा'च म्हणा.

लाडाला 'टाइप दीड'ही म्हणतात. ते जिभेवर छान बसतं, पण त्यातून कारण कळत नाही.

रिपोर्टवर 'जीएडी अँटिबॉडी पॉझिटिव्ह' असेल. म्हणजे बीटा पेशींतल्या जीएडी या प्रथिनाविरुद्ध प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रथिनं रक्तात सापडली. तो त्या हल्ल्याचा पुरावा. 'प्रतिपिंड' हा मराठी शब्द आहे खरा, पण 'स्वादुपिंड' शेजारी आला की वाचणारा हमखास गोंधळतो. इथे अँटिबॉडीच बरं. स्वादुपिंड अजून किती इन्शुलिन बनवतंय, ते सी-पेप्टाइडवरून (इन्शुलिन बनताना सुटणारा तुकडा, तो रक्तात मोजतात) कळतं. ही तपासणी अधूनमधून पुन्हा करावी लागते, आणि आपला आजार झोपलाय असं ज्याने ऐकलंय, त्याला ती का करायची हे पटवणं फार जड जातं.